खिडकीपर्यंतची रांग

१

वर्षाचा शेवटचा महिना लागला की लुओचा दिवस धुक्यातच उजाडायचा. चुलीवर पाणी चढवायचं, कात्री कमरेला अडकवायची, आणि ज्या फांद्यांवरच्या कळ्या फुगून पिवळ्या झाल्या आहेत पण उमललेल्या नाहीत तेवढ्याच नेमक्या छाटायच्या. उमललेलं लामेचं फूल शहरात पोचेपर्यंत गळून जातं. पानं झडलेल्या काटकुळ्या फांदीवर मेणासारख्या पाकळ्यांचं हे फूल खाली मान घालून उमलतं. दिसायला ते काही फार नाही. पण टोपलीवाली बाई गल्लीच्या तोंडाशी आली की पार टोकाच्या घरातली माणसं दार उघडून बाहेर येतात, असा त्याचा वास. नदीवरच्या त्या टेकड्यांत लोक पिढ्यान्‌पिढ्या लामेवरच जगत आले होते. लुओही त्यांतलाच.

त्या वर्षी मात्र त्यानं एक वेडेपणा केला होता. पानगळ होताच टेकडीवरच्या वाफ्यांतली आपली सगळ्यांत जुनी, सगळ्यांत भरघोस झुडपं मुळांभोवतीच्या मातीच्या गड्ड्यांसकट खणून काढली, एकेक करून खाली ओढत आणली आणि घराच्या आवारात ओळीनं लावली. फाटकापासून सुरुवात, मग पाण्याच्या हौदाला वळसा, मग डुकरांच्या रिकाम्या खोपटाच्या भिंतीकडेनं, थेट बायकोच्या खिडकीखाली.

शेजारची फानबाई कुंपणावर हनुवटी टेकवून बघत होती. त्याची फुलं शहरात नेऊन विकायची ती हीच.

"लुओदादा, वरात येणार आहे का कुणाची? फाटकापासून खिडकीपर्यंत नुसती रांगच लावलीत!"

"तिच्यापर्यंत वास पोचला पाहिजे."

"वास काय आंधळा आहे, त्याला हाताला धरून आणायला?"

लुओ हसला नाही. मग फानबाई फाटक उघडून आत आली, बाह्या सारल्या आणि आळ्यात माती ओढू लागली.

२

लुओच्या बायकोचं नाव छायुन. तिचं नाक सगळ्या पंचक्रोशीत प्रसिद्ध. चुलीपुढे बसल्या बसल्या ती सांगायची, "म्हाताऱ्या, वरच्या बांधावरचं तिसरं झाड उमललं बघ," आणि लुओ वर जाऊन पाहायचा तर खरंच एखादं फूल उघडलेलं असायचं. त्या पावसाळ्याच्या शेवटी तिला ताप आला. आठ-दहा दिवसांत ताप उतरला, पण जाताना तिचं नाक घेऊन गेला. आधी वास गेला, मागोमाग चव. तिखट तेल, तिरफळं, धुरावलेलं डुकराचं मांस, सगळं तिला ओल्या कापसासारखं लागायला लागलं. मग घास घशाखाली उतरेना. तालुक्याच्या दवाखान्यात सगळ्या तपासण्या झाल्या. दोष काही सापडला नाही, आणि बाई मात्र वाळतच गेली. हिवाळा तोंडावर आला तेव्हा लुओ तिला कुशीवर वळवायचा, आणि पांघरुणाखाली माणूस आहे की वाळलेल्या काटक्या, असं त्याच्या हातांना वाटायचं.

डॉक्टर नुसतं बोलता बोलता म्हणाला होता, ओळखीचे वास देत राहा, कधीकधी फरक पडतो. लुओनं त्या एका वाक्याला मिठीच मारली.

रांग लावून झाल्यावर एके दिवशी दुपारी तो तिला भाताची पेज भरवत होता. खिडकी किलकिली होती. बाहेर धुकं, आणि रांगेतल्या सगळ्या कळ्या अजून मुठी आवळून बसलेल्या. छायुननं चमचा बाजूला सारला. नाकपुड्या हलल्या.

"उमललं," ती म्हणाली.

लुओ पुढे वाकला. "काय? वास आला तुला?"

"आला की. लामेच. पण जुनं आहे, फार जुनं झाड असावं." तिचे डोळे कित्येक दिवसांनी चमकले. "खाली, पुलापाशी."

पुलापाशी लामे नव्हतं. पुलापाशी दगड होते, शेवाळ होतं आणि वारा नदीकडेच वाहत होता. पण एवढं बोलून छायुननं चमचा आपल्या हातानं ओढला आणि उरलेली पेज संपवली. लुओला दुसरं काही सुचेना. त्यानं अंगणात येऊन मुलीला फोन लावला. श्याओमिन शहरात राहायची, नवऱ्याबरोबर खानावळ चालवायची.

"बाबा, हे चांगलं लक्षण आहे," ती म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. "नाक परत येताना असे भलभलते वास येतात म्हणे. नसलेलेसुद्धा. तुम्ही घाबरू नका."

"घाबरतो कशाला? पेज संपवली तिनं!"

आणि खरोखरच, त्या दिवशी तो घाबरला नव्हता.

३

मग छायुनचं रोज चालू झालं. आज वास बांबूच्या बेटाशी आहे. आज पायऱ्यांच्या खाली आहे. आज फाटकाबाहेर आहे, आत येत नाहीये. वास थोडा जवळ आला की त्या दिवशी ती जेवायची. लोणच्याची मोहरी मागायची, एकदा तर अंडं मागितलं. तो हलला नाही त्या दिवशी ती भिंतीकडे तोंड करून पडायची. लुओ सकाळी उठल्यावर कळ्या बघायच्या आधी तिचं तोंड बघू लागला. "कुठवर आलाय?" असं विचारू लागला, पाहुणा वाटेत असावा तसं.

दरम्यान रांग उमलली. संध्याकाळी अंगणात पाऊल टाकलं की वास अंगावर कोसळायचा. लुओला वाटलं, आता तिचं नाक मोकळं होईल, आता ती म्हणेल की खिडकीखालचं झाड उमललं. पण खिडकीखालच्या फुलांचा वास तिला येतच नव्हता. तिला तो एकच वास यायचा.

एके दिवशी फानबाई रिकामी टोपली आपटत आली.

"लुओदादा, माझी अब्रू घालवलीत! फाटकाजवळच्या झाडांच्या फांद्या दिल्या होत्यात ना? गिऱ्हाईक तोंडावर फेकून गेलं. प्लास्टिकची फुलं विकतेस म्हणालं!"

"काय बोलतेस?"

"नाक लावून बघा की. तुमचं तर शाबूत आहे ना?"

लुओ फाटकाशी गेला. पहिलं झुडूप फुलांनी लगडलेलं होतं. त्यानं एक फांदी ओढून फुलात नाक खुपसलं. काहीच नाही. थंड, कोरं, मेणबत्तीच्या दुकानात उभं राहावं तसं. दुसऱ्या झुडपाचंही तेच. तिसऱ्याचा वास मात्र दोन हातांवरून येत होता, दरवर्षीसारखा दांडगा.

त्यानं स्वतःला समजावलं. मुळं दुखावली असतील. खणताना फाटकाजवळच्याच झाडांची माती जास्त ढासळली होती. हलवलेलं झाड रुसतं. सगळं पटण्यासारखं होतं. घरात आल्यावर त्यानं छायुनला काहीच सांगितलं नाही. तीच म्हणाली, "आलं आत. फाटकाच्या आत आलं. दुसऱ्या झाडापाशी थांबलंय."

४

दुसऱ्या दिवशी तिसरं झाड कोरं झालं. मग हौदाजवळचं.

लुओ मुद्दाम प्रत्येक झाडाशी जाऊन हुंगत फिरू लागला. मग खोलीत येऊन तो निरर्थक काहीबाही विचारायचा, आणि बायको जे झाड सांगायची ते नुकतंच कोरं झालेलं असायचं. अंथरुणातून तिला आवार दिसत नव्हतं. खिडकी होती ती उंचावर, तिच्यातून नुसतं धुकं दिसायचं.

"ते म्हणजे काय गं?" त्यानं एकदा धीर करून विचारलं.

"वास."

"वास थांबत थांबत येतो होय?"

"मला काय विचारतोस, म्हाताऱ्या? मला नाक आहे, तिकडे डोळे थोडेच आहेत." ती हसली, आणि हसता हसता तिनं त्याचं मनगट घट्ट पकडलं. "प्रत्येक झाडापाशी थांबतं. ते संपलं की पुढच्याकडे येतं. मला ते हवंय रे. भुकेसारखं हवंय. आणि मला भीती वाटते. दोन्ही खरं आहे."

"मग मी खिडकी लावून घेतो."

"नको!" ती ओरडली. त्या अंगात एवढा आवाज आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. "खिडकी लावलीस तर मी एक घास खाणार नाही."

आता लुओ काय करणार? ते जवळ आलं तर ती जेवत होती, आणि ते जवळ येऊ नये असं त्याला वाटू लागलं होतं. दोन्ही खरं होतं. त्यानं खिडकी उघडीच ठेवली. शिवाय गावातल्या बाजारातून रुइश्यांगची एक कुंडीही आणली, लामे ओसरल्यावर फुलणारं ते बुटकं, वासाचं झुडूप, आणि तिच्या उशाशी ठेवली. आपण त्या वासाच्या वाटेची आणखी एक पायरी बांधतोय, हे तेव्हा त्याच्या ध्यानात आलं नाही.

त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी तो सरपण आणायला खोपटाकडे गेला. धुकं इतकं दाट की भिंत आहे की नाही ते हात लावून बघावं. भिंतीकडेची झुडपं काळ्या रेघोट्यांसारखी दिसत होती. ही झाडं त्यानं स्वतः खणली होती, स्वतः ओढली होती. डोळे मिटून त्यानं प्रत्येकाची फांदी ओळखली असती. हे वाकडं, हे दुहेरी खोडाचं, हे वीज चाटून गेलेलं. आणि वाकड्याच्या आणि दुहेरीच्या मध्ये, जिथं त्यानं जागा सोडली होती, तिथं आणखी एक होतं.

उंचीला बाकीच्यांएवढंच. तसंच काटकुळं. खाली मान घातलेलं.

लुओ भिंतीकडे पाठ न फिरवता मागे मागे सरकत दारापर्यंत आला. तेवढ्यात धुकं थोडं हललं. मग तिथं वाकडं होतं, दुहेरी होतं आणि मध्ये भिंत होती.

५

त्या रात्री तो बायकोच्या पलंगाशी टेकून बसून राहिला. डोकं सांगत होतं की धुक्यात माणसाला काहीही दिसतं. पण सकाळी छायुननं पेजेला तोंड लावलं नाही. तिचं अंग गार पडलं होतं, ओठ निळसर. ती खिडकीकडे बघत होती आणि तिचा श्वास वर वर चालला होता. इतके दिवस तिला घास भरवणारं ते आता तिच्याकडून घासापलीकडचं काहीतरी मागायला आलंय, असं लुओला वाटलं.

त्यानं कोयता उचलला.

फाटकापासून सुरुवात केली. पहिलं झाड त्याच्या वडिलांनी लावलेलं होतं. दोन घावांत ते पडलं. फुलं ओल्या मातीवर पसरली. त्यांना वास नव्हता, म्हणून तो थांबला नाही. मग दुसरं. मग हौदाजवळची. आवाज ऐकून फानबाई चपला न घालताच धावत आली.

"अहो, वेड लागलं का तुम्हाला? जन्मभराची झाडं ती! लुओदादा! थांबा, थांबा म्हणते ना!"

"लांब हो."

"वहिनींना काही झालं का? बोला की!"

"लांब हो म्हणून सांगतोय!" तो ओरडला, आणि रडतोय हे त्याला फानबाईचा चेहरा बघून समजलं.

ती कुंपणाला धरून उभी राहिली आणि नुसती बघत राहिली. लुओ भिंतीकडेनं तोडत गेला. वाकडं, दुहेरी, वीज चाटलेलं. तोडताना तो झाडांकडे बघतच नव्हता, फक्त बुंध्याकडे. शेवटचं खिडकीखालचं. त्याच्या फुलांतही आता काही उरलं नव्हतं. ते पाडून तो घरात शिरला, उशाशी असलेली रुइश्यांगची कुंडी उचलली आणि मागच्या दारानं दरीत भिरकावून दिली.

परत आला तेव्हा छायुन उठून बसली होती. कित्येक आठवड्यांत ती आपली आपण बसली नव्हती.

"काय केलंस तू?"

"वाट तोडली." त्याला धाप लागली होती. "आता येऊ दे कसं येतंय ते. एक झाड ठेवलं नाही."

"सुरुवात कुठून केलीस?"

"फाटकापासून."

तिनं डोळे मिटून घेतले. ती रागावली नव्हती. कीव आल्यासारखा तिचा आवाज खाली आला.

"म्हाताऱ्या, ते सकाळपासून आत आहे रे. आता ते परत कुठून जाईल?"

६

खिडकीबाहेर उजेड विझत चालला होता. लुओनं कोळशाची शेगडी पलंगाजवळ ओढली, दार सताड उघडं टाकलं, खिडकीही पुरती उघडली. जा म्हणून हातानं खूणसुद्धा केली, अंगणात घुसलेल्या कोंबडीला हाकलावं तशी. मग त्याची त्यालाच लाज वाटली.

आणि तेव्हा त्याला तो वास आला.

लामेचाच होता. पण लामे नाकाला हळूच शिवतं आणि मागे सरतं. हा सरत नव्हता. त्यात रांगेतल्या सगळ्या झाडांचा वास होता, एकावर एक दाबून भरलेला. त्यामागे आणखी कुठल्या कुठल्या आवारांतला, कधीच्या कधी तोडलेल्या झाडांचा. आणि सगळ्यांच्या तळाशी बंद खोलीचा. तो घशात उतरला आणि लुओला चव आली, गोड आणि मातकट. इतक्या दिवसांची बायकोची भूक त्याला त्या क्षणी कळली. आपल्यालाही तो आणखी हवा आहे, हे कळलं तसं त्यानं नाकावर हात दाबला.

खोलीत बारीक आवाज होत होता. टप. मग खूप वेळानं टप. वाळकी पाकळी जमिनीवर पडावी तसा. जमिनीवर काही नव्हतं.

छायुन आडवी झाली होती. तिचा श्वास इतका विरळ झाला होता की लुओ तिच्या ओठांपाशी गाल नेऊन बसला. प्रत्येक श्वासाला तोच वास. तो तिला हाका मारत राहिला, लग्नानंतर पहिल्या वर्षी मारायचा त्या नावानं. तिचे डोळे कपाटाच्या कोपऱ्याकडे लागले होते.

लुओनं त्या कोपऱ्याकडे पाठच ठेवली. पाठीमागे बघायची त्याची छाती नव्हती. तसंच बसून, जमिनीकडे बघत तो बोलू लागला.

"वाट मी बांधली. तुला मी आणलं. तिनं नाही. तिला काही माहीत नव्हतं." त्यानं छायुनचा हात आपल्या मुठीत घेतला. "तिला सोड. तिला सोड रे बाबा. माझ्यातलं काय हवं ते घे. राहायचं असेल तर राहा. माझ्यापाशी राहा."

टप थांबलं.

शेगडीत एक निखारा फुटला आणि खोली लालसर झाली. समोरच्या भिंतीवर लुओची सावली पडली, वाकलेली. तिच्या मागे दुसरी होती. काटकुळी, खाली मान घातलेली. लुओ बघत असतानाच त्या सावलीनं मान वर करायला सुरुवात केली, अगदी सावकाश.

त्यानं डोळे गच्च मिटले. ते कितीतरी वेळ उघडले नाहीत.

७

"म्हाताऱ्या! अरे, काहीतरी जळतंय! वास येत नाही का तुला?"

सकाळ झाली होती. छायुन कोपरावर उठून ओरडत होती. शेगडीच्या कडेला लुओच्या कोटाची बाही काळी पडून धुमसत होती. त्यानं ती हातानं चुरगळून विझवली. धूर डोळ्यांत गेला, खोकला आला. वास आला नाही.

"भूक लागलीये," छायुन म्हणाली. "आलं घालून काहीतरी कर. फानबाईकडे मांस परततायत, मला इथवर वास येतोय."

नवीन वर्षाला श्याओमिन आली तेव्हा तिची आई चुलीपुढे उभी होती. मुलीनं तिला मिठी मारून इतका आरडाओरडा केला की फानबाई पळत आली, आणि मग दोघी मिळून रडल्या. फानबाईनं सगळ्या गावात सांगितलं की लुओदादानं झाडं तोडली म्हणून वहिनी वाचल्या, त्या वासानंच त्यांना धरलं होतं. लोक माना डोलवायचे. वसंतात बुंध्यांना फुटवे आले, ते लुओनं खुडून टाकले. छायुन आता शेतावर जाते, बाजारात भांडते, तिच्या गालांवर मांस चढलं आहे.

लुओला कशाचाच वास येत नाही. त्याचं त्याला काही नाही. तो समोर येईल ते खातो. थोडा वाळला आहे, पण या वयात माणूस वाळतोच, असं सगळे म्हणतात.

त्या दिवसाबद्दल छायुननं कधी तोंड उघडलं नाही. एकदाच, जेवताना, त्यानं वाडगा खाली ठेवला आणि विचारलं, "कुठं आहे गं ते आता?"

छायुननं त्याच्याकडे बघितलं. नेमकं त्याच्याकडे नाही, त्याच्या खांद्याच्या जरा वरच्या बाजूला. मग तिनं आपल्या वाडग्यातला मांसाचा सगळ्यांत चांगला तुकडा उचलून त्याच्या भातावर ठेवला.

"जेव," ती म्हणाली. "गार होतंय."

त्यानं पुन्हा विचारलं नाही. पण रोज सकाळी कात्री अडकवून तो टेकडीवर निघाला की ती दारात उभी असते. तिच्या हातात बहुधा झाडू असतो, नाहीतर पाण्याची बादली. तो उंबरठ्याशी आला की ती बाजूला होते. एका माणसाला जायला वाट लागते त्याहून जास्त, भिंतीला पाठ टेकेपर्यंत. लुओ बाहेर पडतो. त्यानंतरही ती क्षणभर तशीच अंग चोरून उभी राहते, आणि मगच कामाला लागते.